यादीचे गतिमान प्रस्तुतीकरण

यादीचे गतिमान प्रस्तुतीकरण म्हणजे वेब उपयोजनाच्या साच्यात एका नोंदीची मांडणी एकदाच लिहून, विदागारातून आलेल्या प्रत्येक नोंदीसाठी ती आपोआप निर्माण करण्याची पद्धत होय. बाजारभाव, वेळापत्रके, परीक्षांचे निकाल अशा सतत बदलणाऱ्या विद्याच्या पृष्ठांसाठी ती वापरली जाते.

कार्यपद्धती

साच्यात स्थिर मजकूर आणि विदा भरण्याच्या जागा असतात. आवर्तनाची, म्हणजे लूपची, सूचना मिळताच साचा-यंत्रणा यादीतील एकेक नोंद घेऊन त्या जागा भरते आणि तयार झालेल्या ओळी क्रमाने जोडते.

नवी मुंबईत वाशी येथे मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचे कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाले आणि धान्य असे पाच घाऊक बाजार आहेत. राज्यातील बाजार समित्यांचे दैनंदिन भाव महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. त्यांत शेतमाल, जात वा प्रत, परिमाण, आवक, किमान, कमाल व सर्वसाधारण दर असे स्तंभ असतात. असा तक्ता साच्यातून मांडल्यास एका ओळीची रचना पुरते. त्या दिवशी दहा शेतमाल आले काय किंवा शंभर, साचा बदलावा लागत नाही.

इतिहास

१९९५ मध्ये आलेल्या पीएचपी भाषेमुळे एचटीएमएलमध्येच आवर्तन लिहिणे सुलभ झाले. २००५ मध्ये खुल्या झालेल्या जँगो या पायथन चौकटीने साच्यांसाठी स्वतंत्र, मर्यादित भाषा दिली. या पद्धतींत पृष्ठ सर्व्हरवरच तयार होते. अँग्युलरजेएस (२०१०), रिॲक्ट (२०१३) आणि व्ह्यू (२०१४) यांनी हे काम ब्राउझरमध्ये आणले; त्यामुळे संपूर्ण पृष्ठ पुन्हा न मागवता यादी अद्ययावत करता येते.

नोंदीची ओळख

ब्राउझरमधील यादी बदलल्यावर कोणती ओळ जुनी व कोणती नवी हे ठरवण्यासाठी प्रत्येक नोंदीला अनन्य 'की' द्यावी लागते. अनुक्रमांकच की म्हणून वापरला आणि वर एखादी ओळ वाढली, तर कांद्यासमोर ग्राहकाने भरलेले वजन दुसऱ्याच शेतमालासमोर दिसू शकते. केवळ शेतमालाचे नावही पुरेसे नसते, कारण एकाच मालाच्या अनेक प्रती असतात. विदागारातील स्थिर क्रमांक किंवा बाजार, दिनांक, शेतमाल व प्रत यांचा संयोग अधिक विश्वसनीय ठरतो.

रिकाम्या याद्या व अनुपलब्ध मूल्ये

यादीत एकही नोंद नसल्यास आवर्तन काहीच निर्माण करत नाही आणि पृष्ठ कोरे राहते. अशा वेळी 'आज आवक नाही' आणि 'माहिती मिळू शकली नाही' हे दोन संदेश वेगळे ठेवावे लागतात. नोंदवला न गेलेला दर शून्य म्हणून दाखवणेही चुकीचे आहे. माल कोणत्या बाजारात न्यावा हे भाव पाहून ठरवणाऱ्या शेतकऱ्याची त्यामुळे दिशाभूल होते.

मराठी क्रमवारी

युनिकोडमध्ये 'ळ' हे अक्षर 'ल' नंतर लगेच येते, तर मराठी वर्णमालेत ते 'ह' नंतर येते. त्यामुळे केवळ संकेतांकांनुसार लावलेल्या यादीत 'केळी' हा शब्द 'केशर'च्या आधी येतो. मराठी क्रमानुसार तो नंतर यायला हवा. यासाठी मराठी भाषेचे क्रमनियम स्पष्टपणे निवडावे लागतात. दर मजकूर म्हणून साठवले असल्यास चढत्या क्रमात १८०० हा आकडा ९०० च्या आधी येतो. म्हणून ते संख्या म्हणून साठवणे आवश्यक असते.

सुरक्षितता व वेग

वापरकर्त्याने भरलेला मजकूर जसाच्या तसा साच्यात उतरवल्यास त्यातून घातक स्क्रिप्ट चालण्याचा धोका असतो. म्हणून बहुतेक आधुनिक यंत्रणा विशेष चिन्हांचे आपोआप निष्प्रभ रूपांतर करतात. मोठ्या याद्या पानांत विभागतात किंवा पडद्यावर दिसणाऱ्या ओळीच तयार करतात.

हेही पहा

एचटीएमएल
जावास्क्रिप्ट
विदागार
युनिकोड