नामशेष : वेस्ट हॅमची धावपट्टी

एखादी वस्तू समूळ नाहीशी झाली म्हणजे ती ‘नामशेष’ झाली, असे मराठीत म्हणतात. शब्दाचा विग्रह मात्र थोडे निराळे सांगतो. जिचे केवळ नाव शेष राहिले, ती नामशेष. रूढार्थ विनाशाचा आहे, व्युत्पत्त्यर्थ अवशेषाचा. पूर्व लंडनच्या कस्टम हाउस भागातील वेस्ट हॅम स्टेडियमला हे दोन्ही अर्थ सारखेच लागू पडतात.

हे स्टेडियम १९२८ मध्ये उघडले आणि त्याच वर्षी तेथे मोटारसायकलींच्या स्पीडवे शर्यती सुरू झाल्या. या शर्यतीत चार चालक लंबवर्तुळाकार पट्टीच्या चार फेऱ्या डावीकडे वळत पुऱ्या करतात. वाहनास ब्रेक नसतो. वळणावर मागचे चाक बाहेर घसरू द्यावयाचे आणि पोलादी तळ बसविलेला डावा पाय जमिनीवरून ओढत तोल राखावयाचा, हे या खेळाचे मुख्य कौशल्य होय. १९३३ मधील एका सामन्यास ८२,४०० प्रेक्षक उपस्थित असल्याची नोंद आहे. गोदीच्या परिसरातील कामगारवस्तीने हा खेळ आपला मानला होता, हे या एका आकड्यावरूनही दिसते. संघाने १९३७ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि १९६५ मध्ये नव्या ब्रिटिश लीगचे पहिले विजेतेपद मिळविले.

अखेर मात्र करुण आहे. जुलै १९७० मध्ये बेल्जियममधील लोकेरन येथे संघाच्या मिनिबसला अपघात होऊन व्यवस्थापक फिल बिशप व काही चालक मृत्युमुखी पडले. मे १९७२ मध्ये शेवटची शर्यत झाली. त्यानंतर स्टेडियम पाडण्यात येऊन त्या जागी घरे उभी राहिली.

या वसाहतीतील रस्त्यांना अ‍ॅटकिन्सन, क्रूम्स, हॉस्किन्स, लॉसन, विल्किन्सन आणि यंग ही नावे आहेत. जॉनी हॉस्किन्स हे प्रवर्तक, इतर पाच चालक. ऑस्ट्रेलियाच्या ब्लूई विल्किन्सनने १९३६ च्या जागतिक अंतिम स्पर्धेतील आपल्या पाचही शर्यती जिंकल्या. तथापि पूर्वफेऱ्यांतील अधिक गुणांमुळे विजेतेपद लायोनेल व्हॅन प्रागला मिळाले. विल्किन्सन १९३८ मध्ये जगज्जेता झाला आणि १९४० मध्ये सिडनी येथे रस्त्यावरील अपघातात मरण पावला. जॅक यंगने १९५१ व १९५२ असे लागोपाठ दोनदा जागतिक विजेतेपद मिळविले.

परंतु विल्किन्सन हे इंग्रजीतील एक सर्वसामान्य आडनाव आहे. ज्यास पूर्ववृत्त ठाऊक नाही, त्यास रस्त्यावरील पाटी केवळ पत्ता सांगते. नाव व्यक्तीचा निर्देश करते, तिचे वृत्त सांगत नाही. शिवाय नामकरण हे निवड करणारे असते. वरील सहा नावांत लोकेरन येथे मरण पावलेल्यांपैकी कोणी नाही. इंजिनात वापरल्या जाणाऱ्या एरंडेलयुक्त वंगणाचा जळका वास स्पीडवेचे जुने प्रेक्षक आजही आठवतात. त्या वासाचा रस्ता कोठेच नाही.

१९७२ मध्ये दहा वर्षांचे असलेले प्रेक्षक आज साठी ओलांडून गेले आहेत. त्यांच्या आठवणी नोंदल्या गेल्या, तर या पाट्यांना त्यांचा अर्थ पुन्हा लाभेल. तसे न झाल्यास नावे टिकतील, आणि तरीही धावपट्टी रूढार्थाने नामशेष होईल.