स्कूल बोर्डाची निवडणूक आणि शिक्षणसुधारणा : लंडन, १८७० ते १९०४

प्रस्तावना

इंग्लंडमधील प्राथमिक शिक्षणाचा इतिहास सामान्यतः कायद्यांच्या क्रमाने सांगितला जातो. १८७० मध्ये स्कूल बोर्डे आली, १८८० मध्ये हजेरीची सक्ती झाली, १८९१ मध्ये शिक्षण बहुतांशी मोफत झाले. हा क्रम बरोबर असला तरी तो पार्लमेंटच्या बाजूने पाहिलेला आहे. यांतील बहुतेक मागण्या कायद्यात येण्यापूर्वी स्थानिक निवडणुकीत मांडल्या गेल्या होत्या आणि त्यांवर मते मागितली गेली होती. प्रस्तुत लेखात लंडन स्कूल बोर्डाच्या निवडणुकांचा विचार उमेदवारांच्या अंगाने केला आहे. शिक्षणसुधारणेचा कार्यक्रम घेऊन उभे राहणारे लोक निवडून कसे येऊ शकले आणि निवडून आल्यावर त्यांच्या हाती कितपत अधिकार होता, हा या विवेचनाचा विषय आहे.

बोर्डाची रचना व मतदानाची रीत

डब्ल्यू. ई. फॉर्स्टर यांनी मांडलेल्या प्राथमिक शिक्षण विधेयकास ९ ऑगस्ट १८७० रोजी राजमान्यता मिळाली. चर्चच्या व इतर खाजगी संस्थांच्या शाळा जेथे अपुऱ्या होत्या तेथे करदात्यांनी निवडलेले स्कूल बोर्ड स्थापन व्हावे, त्याने स्थानिक करातून शाळा बांधाव्यात व चालवाव्यात, अशी ही योजना होती. बोर्डाची मुदत तीन वर्षांची होती. लंडनसाठी कायद्यातच स्वतंत्र तरतूद होती : दहा विभाग आणि ४९ सभासद. पार्लमेंटसाठी मत देण्याचा हक्क स्त्रियांना मिळण्यास अद्याप जवळजवळ अर्धशतक बाकी होते. तथापि स्वतःच्या नावे कर भरणाऱ्या स्त्रीला बोर्डासाठी मत देता येत होते आणि कोणत्याही स्त्रीला उमेदवार म्हणून उभे राहता येत होते. उमेदवाराला मालमत्तेची अट नव्हती. सभासदाला वेतनही नव्हते; पोटासाठी रोज काम करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही अट नसूनही अटच होती.

मतदानाची रीत हा या कायद्याचा सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण भाग होय. विभागात जितक्या जागा, तितकी मते प्रत्येक मतदाराला असत. ती त्याने वेगवेगळ्या उमेदवारांना वाटावीत किंवा सर्वच्या सर्व एकाला द्यावीत, अशी मोकळीक होती. ही संचयी मतपद्धती स्त्रियांसाठी किंवा कामगारांसाठी आणलेली नव्हती. प्रत्येक गावात अल्पसंख्य असलेल्या धर्मपंथांना, विशेषतः रोमन कॅथलिकांना, बोर्डात जागा मिळावी हा तिचा हेतू होता. बर्मिंगहॅमच्या पहिल्याच निवडणुकीत तिची ताकद दिसून आली. तेथे शहरावर वर्चस्व असलेल्या लिबरल पक्षाने १५ जागांसाठी १५ उमेदवार उभे केले. त्यांची मते पंधरा ठिकाणी विखुरली आणि केवळ सहा निवडून आले. एकट्या कॅथलिक उमेदवाराने मात्र आपल्या अनुयायांची सर्व मते एकवटून पहिला क्रमांक मिळवला. ज्या बहुमताला आपल्या संख्येचा अभिमान होता त्याला गणित जमले नाही, असे म्हणण्यास हरकत नाही. १८७३ च्या निवडणुकीत त्याच पक्षाने कमी उमेदवार उभे करून व मतांची आखणी करून बहुमत मिळवले आणि जोसेफ चेंबरलेन अध्यक्ष झाले.

मेरिलबोन, १८७०

लंडनची पहिली निवडणूक नोव्हेंबर १८७० मध्ये झाली. मेरिलबोन विभागातून डॉ. एलिझाबेथ गॅरेट उभ्या होत्या. त्याच वर्षी त्यांनी पॅरिस विद्यापीठाची एम.डी. पदवी घेतली होती. मेरिलबोन भागात १८६६ पासून त्या स्त्रिया व मुलांसाठी दवाखाना चालवीत. त्यांनी उभे राहावे असा आग्रह तेथील कामगारांनी धरला. दवाखान्यात येणाऱ्या स्त्रियांचे पती आणि वडील यांचा त्यांत मोठा वाटा होता. म्हणजे त्यांच्या उमेदवारीमागे पक्ष किंवा पंथ नव्हता. चार वर्षांच्या औषधोपचाराने जमलेला परिचय हेच त्यांचे संघटन होते.

निकाल आश्चर्यकारक लागला. गॅरेट यांना ४७,८५८ मते मिळाली. साऱ्या लंडनमध्ये कोणत्याही उमेदवाराला इतकी मते नव्हती. त्याच विभागात दुसऱ्या क्रमांकावर आलेले सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ टी. एच. हक्स्ले यांना १३,४९४ मते होती. या आकड्यांकडे पाहताना एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. मेरिलबोनमध्ये सात जागा होत्या, म्हणजे एका मतदाराला सात मते. प्रत्येक समर्थकाने सातही मते गॅरेट यांनाच दिली असे गृहीत धरले तर ६,८३७ मतदार पुरेसे होतात. प्रत्यक्षात ही संख्या याहून अधिक असणार, परंतु ४७ हजार माणसे असा अर्थ या आकड्याचा होत नाही. अनेक लोकप्रिय चरित्रांत हा आकडा माणसांचा असल्यासारखा वाचला जातो. त्यामुळे विजयाचे महत्त्व कमी होत नाही. उलट निष्ठावान अल्पसंख्य समाज एकत्र आला तर बाहेरचा उमेदवारही पहिल्या क्रमांकावर येऊ शकतो, हे त्यातून अधिक स्पष्ट होते.

ग्रिनिच विभागातून एमिली डेव्हिस निवडून आल्या. आदल्याच वर्षी त्यांनी हिचिन येथे स्त्रियांसाठी महाविद्यालय सुरू केले होते. तेच पुढे गर्टन कॉलेज झाले. फिन्सबरीमधून बेंजामिन लुक्राफ्ट हे सुतारकाम करणारे कारागीर निवडून आले व सुमारे वीस वर्षे बोर्डावर राहिले. अध्यक्षपद हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड लॉरेन्स यांच्याकडे गेले. सरदार, धर्मोपदेशक, शास्त्रज्ञ, डॉक्टरबाई आणि सुतार अशी ही सभा होती. तत्कालीन इंग्लंडमधील दुसऱ्या कोणत्याही निवडून आलेल्या संस्थेत हे दृश्य दिसणे शक्य नव्हते. १८७१ मध्ये या बोर्डाने पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना हजेरी सक्तीची करणारे उपनियम केले. देशभर सक्ती येण्यापूर्वीची ही नऊ वर्षे महत्त्वाची आहेत.

पुढील काळात हेलन टेलर यांनी साउथवर्कमधून १८७६, १८७९ व १८८२ अशा तीन निवडणुका जिंकल्या. फी रद्द करावी, शारीरिक शिक्षा बंद करावी, या मागण्या त्यांनी सातत्याने मांडल्या. गरजू मुलांना दुपारचे जेवण आणि बूट त्या स्वतःच्या पैशातून पुरवीत. ही गोष्ट त्यांच्या उदारतेची जितकी निदर्शक आहे तितकीच बोर्डाच्या मर्यादेचीही आहे.

टॉवर हॅम्लेट्स, १८८८

सुधारणेच्या कार्यक्रमावर लढवलेली सर्वांत ठळक निवडणूक म्हणून ॲनी बेझंट यांच्या उमेदवारीकडे पाहावे लागेल. भारतीय वाचकांना त्या थिऑसॉफिस्ट म्हणून, बनारसच्या सेंट्रल हिंदू कॉलेजच्या संस्थापक म्हणून आणि १९१७ च्या काँग्रेस अधिवेशनाच्या अध्यक्ष म्हणून परिचित आहेत. १८८८ मधील बेझंट वेगळ्या होत्या. धर्मोपदेशक पतीपासून विभक्त झालेल्या, निरीश्वरवादी आणि समाजवादी अशी त्यांची ख्याती होती. संततिनियमनाच्या पुस्तिकेवरून १८७७ मध्ये त्यांच्यावर खटला झाला होता आणि पुढील वर्षी न्यायालयाने मुलीचा ताबा त्यांच्याकडून काढून घेतला होता. ज्या स्त्रीला स्वतःची मुलगी वाढविण्यास न्यायालयाने अपात्र ठरवले होते, ती लंडनच्या गरीब मुलांच्या शाळांचा कारभार पाहण्यासाठी मते मागत होती. विरोधकांनी प्रचारात या गोष्टींचा उपयोग केला नसता तरच नवल.

मात्र टॉवर हॅम्लेट्स हा लंडनच्या पूर्व भागातील कष्टकऱ्यांचा विभाग होता. त्याच वर्षी जुलैमध्ये तेथील बो भागातल्या आगकाड्यांच्या कारखान्यात सुमारे १,४०० मुली व स्त्रियांनी संप केला होता. त्यांची स्थिती वृत्तपत्रातून प्रथम उघड करणाऱ्या बेझंटच होत्या. नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्यांचा जाहीरनामा तीन गोष्टींवर उभा होता : मोफत शिक्षण, उपाशी मुलांना शाळेत जेवण आणि बोर्डाच्या कंत्राटदारांनी कामगारांना रास्त मजुरी देणे. १५ हजारांहून अधिक मते मिळवून त्या विभागात पहिल्या आल्या. पाच जागांचा विभाग असल्याने किमान तीन हजार मतदार त्यांच्यामागे होते. याच निवडणुकीत हॅकनीमधून स्ट्युअर्ट हेडलम हे समाजवादी धर्मोपदेशकही निवडून आले.

यानंतरची तीन वर्षे अभ्यासकांच्या दृष्टीने निवडणुकीहून अधिक बोलकी आहेत. रास्त मजुरीची मागणी १८८९ मध्येच मान्य झाली. कंत्राटे देणे हे बोर्डाचे स्वतःचे काम होते. तेथे बहुमत मिळाले की पुरे. दोन वर्षांनी, १८९१ मध्ये, हाऊस ऑफ कॉमन्सने सरकारी कंत्राटांबाबत तशाच अर्थाचा ठराव केला. मोफत शिक्षणाची गोष्ट निराळी होती. १८७० च्या कायद्यानुसार आठवड्याला नऊ पेन्सपर्यंत फी घेता येत असे. ती सर्वत्र रद्द करण्यासाठी पैसा सरकारी तिजोरीतून यावा लागत होता. बोर्डाला दबाव आणता येत होता, निर्णय करता येत नव्हता. तो निर्णय १८९१ च्या कायद्याने दर मुलामागे दहा शिलिंगांचे वार्षिक अनुदान देऊन झाला.

जेवणाचा प्रश्न तर बोर्डाच्या कक्षेबाहेरच राहिला. उपाशी मुलाला अक्षर शिकवता येत नाही, हे बोर्डावरील बहुतेकांना मान्य होते. परंतु करातील पैसा अन्नावर खर्च करण्याचा अधिकार कायद्यात नव्हता. त्यामुळे ते काम देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांकडेच राहिले. हेलन टेलर यांनी स्वतःच्या पैशाने जे केले, तेच बेझंट यांच्या काळात वर्गणीने होऊ लागले. स्थानिक प्राधिकरणांना शालेय जेवणावर कर खर्च करण्याची मुभा देणारा कायदा १९०६ मध्ये झाला. तोपर्यंत लंडन स्कूल बोर्ड अस्तित्वातच नव्हते.

१८९१ मध्ये बेझंट यांनी पुन्हा उमेदवारी केली नाही. १८८९ मध्ये त्या थिऑसॉफीकडे वळल्या होत्या आणि १८९३ मध्ये हिंदुस्थानात आल्या.

बोर्डांचा शेवट

बोर्डांनी प्राथमिक शिक्षणाच्या पलीकडे जाऊन वरच्या इयत्ता आणि रात्रीचे वर्ग काढले. प्राथमिक शिक्षणासाठी असलेला कर अशा वर्गांवर खर्च करणे बेकायदा असल्याचा आक्षेप हिशेबतपासनीस कॉकर्टन यांनी लंडन बोर्डावर घेतला आणि १९०१ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो कायम केला. पुढच्याच वर्षी बाल्फोर सरकारच्या शिक्षण कायद्याने देशातील अडीच हजारांहून अधिक स्कूल बोर्डे रद्द करून त्यांचे काम काउंटी व नगर परिषदांकडे दिले. लंडनचे बोर्ड १९०४ मध्ये संपले. कारभाराची एकसूत्रता हे या बदलाचे समर्थन होते आणि ते अगदीच निराधार नव्हते. लहान गावांतील अनेक बोर्डे दुबळी होती.

या बदलाची किंमत कोणी दिली, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. चौतीस वर्षांत लंडन बोर्डावर २९ स्त्रिया बसल्या. त्या सर्व मतदारांसमोर गेल्या होत्या असे नाही, तरी बहुतेक गेल्या होत्या. काउंटी परिषदेवर निवडून येण्यास स्त्री पात्र नाही, असा निर्णय १८८९ मध्ये लेडी सँडहर्स्ट यांच्या प्रकरणात न्यायालयाने दिला होता. त्यामुळे १९०२ नंतर स्त्रियांना शिक्षण समित्यांवर केवळ स्वीकृत सभासद म्हणून घेतले जाऊ लागले. समितीत जागा राखून ठेवली गेली, मतदारांकडे जाण्याचा मार्ग बंद झाला. तो १९०७ च्या कायद्याने पुन्हा खुला झाला. संचयी मतपद्धती मात्र परत आली नाही.

मुंबई इलाख्याशी संबंध

या इतिहासाचा महाराष्ट्राशी संबंध गोपाळ कृष्ण गोखले यांच्यामुळे येतो. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेल्या प्राथमिक शिक्षण विधेयकास इंग्लंडच्या १८७० व १८७६ च्या कायद्यांचा आधार होता. सरकारच्या संमतीने नगरपालिका व जिल्हा बोर्डांनी आपल्या क्षेत्रात सक्ती लागू करावी, ही कल्पना लंडनच्या १८७१ च्या उपनियमांशी जुळणारी आहे. १९ मार्च १९१२ रोजी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. तेच तत्त्व विठ्ठलभाई पटेल यांच्या १९१८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांपुरते प्रत्यक्षात आले.

गोखल्यांनी सक्तीचे तत्त्व घेतले, केवळ शिक्षणासाठी थेट निवडलेल्या बोर्डाची कल्पना घेतली नाही. मतदारांची संख्या पाहता १९११ मध्ये ती घेणे व्यवहार्यही नव्हते. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने स्कूल बोर्डे आली, ती स्थानिक संस्थांच्या सभासदांनी निवडलेली. १९४७ च्या कायद्यातही नगरपालिकांच्या शिक्षण मंडळांच्या सभासदांची निवड नगरपालिकेचे सभासदच करीत. मेरिलबोनच्या कामगारांप्रमाणे एखाद्या वस्तीने आपल्या दवाखान्यातील डॉक्टरबाईला केवळ शाळांच्या प्रश्नावर उभे करावे आणि आपली सर्व मते तिच्या पदरात टाकावीत, अशी वाट या कायद्यांत ठेवलेली नव्हती.