उमेचे माहेरपण

कलकत्त्याच्या जुन्या वस्तीत एक लोकोक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिचा आशय असा की, भगवती दुर्गा मर्त्यलोकी उतरली म्हणजे जोडासाँकोच्या शिवकृष्ण दाँ यांच्या घरी अलंकार लेते, कुमारटुलीच्या अभयचरण मित्रांकडे भोजन करते आणि शोभाबाजारच्या देव घराण्याच्या राजवाड्यात रात्र जागून नृत्यगायन पाहते. या उक्तीत धनाढ्य घराण्यांच्या वैभवाचा डंका आहे, हे उघडच आहे. परंतु तीत देवीच्या वाट्याला एकही काम आलेले नाही, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. जिच्या दहाही हातांत आयुधे आहेत आणि जिच्या पायाशी महिषासुर पडला आहे, तिलाच बंगाल्यांनी चार दिवसांची माहेरवाशीण केले.

ही कल्पना ज्यांनी घरोघर पोचविली ते अठराव्या शतकातील रामप्रसाद सेन आणि त्यांच्यामागून आलेले कमलाकांत भट्टाचार्य. त्यांच्या आगमनी गीतांत दुर्गेची, म्हणजेच उमेची, आई मेनका पती हिमालयाची मनधरणी करते की, जावई भस्मविलेपित आणि निष्कांचन, लेक कैलासावर कशी नांदत असेल कोण जाणे, तेव्हा जाऊन तिला घेऊन या. आठ वर्षांच्या मुलीच्या विवाहाला ‘गौरीदान’ म्हणून पुण्यप्रद मानणाऱ्या त्या समाजात ही चिंता केवळ पुराणातील नव्हती. जिची लेक अजाण वयात परघरी गेली, अशा प्रत्येक आईची ती होती. त्याच शतकात, १७५७ साली, कंपनीचे मुनशी नवकृष्ण देव यांनी शोभाबाजारात पूजा मांडली आणि साहेबलोकांना मेजवान्या दिल्या. तो थाट सत्तेसाठी होता. मेनकेचे आर्जव मात्र मायेचे होते, आणि बंगाली स्त्रियांनी जपले ते हेच.

याच शहराने १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजांच्या धास्तीने खंदक खणावयास घेतला होता, हे मराठी वाचकाच्या ध्यानी असेल. त्या खंदकापलीकडे आणि अलीकडे चाल एकच. आपल्या ज्येष्ठागौरी येतात त्या संध्याकाळी त्यांना भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो. तिकडे दशमीला अनेक घरांत उमेला पाण्यात भिजविलेला आदल्या दिवसाचा भात आणि अळूची भाजी देतात. मग सुवासिनी विड्याच्या पानांनी तिचे मुख पुसतात, तिला मिठाई भरवितात, सिंदूर लावतात आणि पुन्हा येण्याचे सांगतात. आणि ती साक्षात शक्ती ते सारे मुकाट्याने करवून घेते. माया करण्याचे शिक्षण आपल्या मुलींना पाळण्यातल्या बाहुलीपासून मिळते. दुसऱ्याने केलेली माया संकोच न बाळगता घेणे आणि थकल्या देहाला अपराधी न मानता टेकू देणे, याचा धडा मात्र या एका विधीखेरीज त्यांना क्वचितच कोठे मिळाला असेल.

आणि तोही अपुरा. ज्या घरी पूजा, त्या घरच्या सुनेला नेमक्या त्याच दिवसांत स्वतःच्या माहेरी जाणे दुरापास्त असे. देवीच्या विश्रांतीची तरतूद त्या सुनेच्याच श्रमांतून होई. १९१९ पासून बागबाजारची सार्वजनिक पूजा भरू लागली, देवी वाड्यांबाहेर आली, तरी घरातील चूल काही थंडावली नाही.

पूजेच्या दिवसांत कलकत्त्याचे उच्च न्यायालय आणि सरकारी कचेऱ्या आजही बंद असतात. त्या रजेतील निदान एक दिवस घरोघरच्या सुनेच्या नावे लावून द्यावा, आणि तिने तो निःशंकपणे घ्यावा, एवढीच माझी विनंती आहे.