डिजिटल पाऊलखुणा

डिजिटल पाऊलखुणा म्हणजे संगणक, मोबाइल किंवा आंतरजालाशी जोडलेले अन्य उपकरण वापरताना व्यक्तीमागे उरणाऱ्या नोंदींचा समूह. शोधयंत्रात टाकलेले शब्द, समाजमाध्यमांवरील छायाचित्रे व प्रतिक्रिया, ऑनलाइन खरेदी, यूपीआयद्वारे दिलेले पैसे आणि मोबाइल मनोऱ्यांशी आलेला संपर्क यांचा त्यात समावेश होतो. वाळूतील पावलांवरून घेतलेले हे रूपक एका बाबतीत फसवे आहे. वाळूतले ठसे लाटेबरोबर जातात. सर्व्हरवरील नोंदींच्या मात्र प्रती निघतात आणि मूळ नोंद पुसली तरी त्या अन्यत्र राहू शकतात. सुटी नोंद बहुधा निरुपद्रवी असते. अनेक नोंदी एकमेकींशी जुळवल्या म्हणजे व्यक्तीचे घर, दिनक्रम, आजार, नातेसंबंध आणि राजकीय कल यांचा अंदाज येऊ लागतो.

स्वरूप

या खुणांचे सक्रिय व निष्क्रिय असे दोन प्रकार सामान्यतः मानले जातात. व्यक्ती स्वतः होऊन जे लिहिते वा प्रसिद्ध करते ते सक्रिय. तिच्या नकळत जे नोंदले जाते ते निष्क्रिय. आयपी पत्ता, कुकी आणि ॲपने घेतलेली स्थाननोंद ही दुसऱ्या प्रकारची उदाहरणे होत.

व्यवहारात ही सीमारेषा पुसट असते. मोबाइलने काढलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्ये वेळ, कॅमेऱ्याची माहिती आणि जीपीएस सुरू असल्यास अक्षांश-रेखांशही साठवले जाऊ शकतात. छायाचित्र हेतुपुरस्सर प्रसिद्ध होते, पण त्यातील स्थान नकळत बाहेर पडते. डिसेंबर २०१२ मध्ये बेलीझच्या पोलिसांना चौकशीसाठी हवे असलेले अमेरिकी उद्योजक जॉन मॅकॅफी ग्वाटेमालात असल्याचे असेच उघड झाले. ‘व्हाइस’ या नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या छायाचित्राच्या फाइलमध्ये स्थाननोंद तशीच राहिली होती. अनेक समाजमाध्यमे आता छायाचित्र चढवताना ही नोंद काढून टाकतात. मूळ फाइल थेट पाठवल्यास मात्र ती सोबत जाते.

कुकी बंद केल्या म्हणजे माग उरत नाही, हा समजही अपुरा आहे. ब्राउझरची आवृत्ती, पडद्याचा आकार, बसवलेले टंक, कालविभाग अशा किरकोळ बाबींच्या जुळणीतून ब्राउझर ओळखता येतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझरांची तपासणी झाली, त्यांपैकी ८३.६ टक्के ब्राउझरांची जुळणी त्या संचात एकमेव होती.

नाव वगळलेली माहिती

एखाद्या माहितीसंचातून नाव व पत्ता काढून टाकला की तो निनावी होतो, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. तिला पहिला मोठा धक्का १९९७ च्या सुमारास बसला. मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय नोंदी नावे वगळून संशोधकांना उपलब्ध केल्या होत्या. त्या वेळी विद्यार्थिनी असलेल्या लतान्या स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग व पिनकोड या तीन बाबी दोन्ही संचांत जुळवून राज्याचे तत्कालीन गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची वैद्यकीय नोंद शोधून काढली. अमेरिकेतील ८७ टक्के लोक या तीन बाबींवरून एकमेव ठरू शकतात, असा स्वीनी यांचा अंदाज होता. फिलिप गोल यांनी २००६ मध्ये केलेल्या फेरगणनेत हे प्रमाण सुमारे ६३ टक्के आले. वेल्ड यांची प्रकृती बिघडल्याची बातमी आधीच सर्वत्र झाली होती, त्यामुळे त्यांचे उदाहरण सोपे होते, असाही आक्षेप पुढे घेण्यात आला. तो रास्त आहे, पण ६३ टक्के हे प्रमाणही काही लहान नव्हे.

ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे तीन महिन्यांतील जवळपास २ कोटी शोध संशोधनासाठी खुले केले. नावांच्या जागी क्रमांक होते. तरीही ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार काही दिवसांतच एका वापरकर्तीच्या घरापर्यंत पोहोचले. याचे कारण साधे होते. माणसे स्वतःच्या गावातील कारागीर शोधतात, स्वतःच्या आडनावाचे लोक शोधतात आणि स्वतःला जडलेल्या दुखण्यांविषयी विचारतात. क्रमांकाखाली एकत्र आलेले हे प्रश्नच ओळखपत्राचे काम करतात.

स्थाननोंदींच्या बाबतीत तर खूपच थोडी माहिती पुरते. ईव्ह-अलेक्झांडर द माँजॉय व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये १५ लाख मोबाइलधारकांच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासल्या. ठिकाण व वेळ यांच्या केवळ चार नोंदी ९५ टक्के व्यक्तींना इतरांपासून वेगळे करण्यास पुरेशा होत्या. रात्रीचे ठिकाण म्हणजे घर आणि दिवसाचे म्हणजे कामाची जागा, हे ताडण्यास फारसे तंत्रज्ञान लागत नाही. व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरातील वापरकर्त्यांच्या धावण्या-चालण्याचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कोणाचेही नाव नव्हते. पण ओसाड प्रदेशात उजळलेल्या रेषांमुळे अफगाणिस्तान व सीरियातील लष्करी तळांची रूपरेषा दिसू लागली. जानेवारी २०१८ मध्ये ही बाब चव्हाट्यावर आली.

सवयींवरून अनुमान

व्यक्तीने कधीही न सांगितलेली गोष्ट तिच्या आवडींवरून ताडता येते का, याचा अभ्यास मिकाल कोसिन्स्की, डेव्हिड स्टिलवेल व थोरे ग्रेपेल यांनी २०१३ मध्ये मांडला. त्यांनी ५८ हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी फेसबुकवर दिलेल्या ‘लाइक’ तपासल्या. समलिंगी व भिन्नलिंगी पुरुषांमधील फरक ८८ टक्के, तर डेमोक्रॅट व रिपब्लिकन यांमधील फरक ८५ टक्के वेळा ओळखता आला. या आकड्यांचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो. प्रत्येक गटातील एक अशा दोन व्यक्ती समोर असताना कोण कोणत्या गटातील, हे किती वेळा बरोबर सांगता येते, याचे ते प्रमाण आहे. कोणत्याही एका व्यक्तीविषयीचा निष्कर्ष ८८ टक्के खात्रीचा असतो, असे त्यातून सिद्ध होत नाही. अनुमान चुकले तरी त्याचा परिणाम टळत नाही, हा प्रश्न वेगळाच. चुकीच्या गटात टाकलेल्या व्यक्तीला आपल्याविषयी असा तर्क झाला आहे, हे बहुधा कळतही नाही.

इतरांमुळे उमटणाऱ्या खुणा

स्वतः काळजी घेणाऱ्याची माहिती त्याच्या परिचितांकडून बाहेर जाऊ शकते. २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात भारतात संबंधित ॲप केवळ ३३५ जणांनी बसवले होते. मात्र त्यांच्या मित्रयाद्यांमुळे ५ लाख ६२ हजारांहून अधिक भारतीयांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता फेसबुकने मान्य केली. फोनमधील संपर्कयादी एखाद्या ॲपला वाचू देणे हाही असाच प्रकार आहे. त्या यादीतील कोणाचीही संमती घेतलेली नसते. लहान मुलांची छायाचित्रे, शाळेचा गणवेश आणि वाढदिवसाची तारीख पालकांकडूनच प्रसिद्ध होते, तेव्हा मुलाच्या पाऊलखुणा त्याला वाचता येण्यापूर्वीच उमटू लागतात.

महाराष्ट्रातील सार्वजनिक नोंदी

काही नोंदी व्यक्तीने स्वतः ठेवलेल्या नसतात किंवा कंपन्यांनी गोळा केलेल्या नसतात. त्या शासनाने लोकहितासाठी खुल्या केलेल्या असतात. महाराष्ट्र शासनाच्या महाभूलेख संकेतस्थळावर जिल्हा, तालुका व गाव निवडून गट क्रमांकाने किंवा खातेदाराच्या नावाने सातबारा उतारा पाहता येतो. त्यात खातेदारांची नावे व क्षेत्र असते, तसेच ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजाही नोंदलेला असतो. मतदार यादीत नाव, नातेवाइकाचे नाव, घर क्रमांक, वय व लिंग आढळते. मराठी नामपद्धतीत मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असल्याने पूर्ण नाव हाच नात्याचा पुरावा ठरतो आणि भिन्न याद्यांतील एकच व्यक्ती जुळवणे सोपे जाते.

सातबारा पूर्वीही गोपनीय नव्हता. परंतु तो पाहण्यासाठी गावी जाऊन तलाठ्याचे दप्तर गाठावे लागे आणि ही अडचण हेच एक प्रकारचे संरक्षण होते. ऑनलाइन उताऱ्यामुळे शेतकऱ्याचे हेलपाटे वाचले व जमिनीच्या व्यवहारांतील फसवणूक पकडणे सुकर झाले, हे खरे; त्याच सोयीने दूरवरच्या अनोळखी माणसालाही कोणावर कर्जाचा बोजा आहे, ते घरबसल्या पाहता येते.

कायदा

युरोपीय न्यायालयाने १३ मे २०१४ रोजी गुगल स्पेन खटल्यात, विशिष्ट परिस्थितीत नावाच्या शोधातून दिसणारे दुवे काढून घेण्याची मागणी करता येते, असा निर्णय दिला. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या माहिती संरक्षण नियमावलीत माहिती पुसून घेण्याचा हक्क समाविष्ट आहे.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून कंपन्यांवरील प्रमुख जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू करण्याची तरतूद आहे. माहिती दुरुस्त करून घेण्याचा व पुसून घेण्याचा हक्क या अधिनियमात आहे. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक असून दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. मात्र व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेली किंवा कायद्याने सार्वजनिक करणे बंधनकारक असलेली माहिती अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. युरोपीय नियमावलीत अशी सरसकट सूट नाही. परिणामी सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या खात्यावरील मजकूर किंवा कायद्याने खुल्या कराव्या लागणाऱ्या याद्यांतील तपशील गोळा करून कोणी व्यक्तींची टिपणे तयार केली, तर त्या माहितीपुरता या अधिनियमाचा आधार मिळत नाही.