विशेषणच झालं भाऊ

लॅटिनमध्ये भाऊ म्हणजे ‘फ्राटेर’ आणि सख्खा भाऊ म्हणजे ‘फ्राटेर गेर्मानुस’. फ्रेंचने ‘फ्रेर’, रुमानियनने ‘फ्राते’ असं नामच जपलं; स्पॅनिश ‘एर्मानो’ आणि पोर्तुगीज ‘इर्माँव’ हे मात्र ‘गेर्मानुस’ या विशेषणाचे वंशज. जणू आपण भाऊ म्हणणं सोडून नुसतं ‘सख्खा’ म्हणावं! याचं कारण मठांत शोधतात: ‘फ्राटेर’ संन्याशांकडे गेला, स्पॅनिशमध्ये त्याचा ‘फ्राइले’ झाला, म्हणून घरातल्या भावाला वेगळा शब्द लागला. पण संन्यासी फ्रान्समध्येही होते, तिथे ‘फ्रेर’ दोघांनाही पुरला. शिवाय एकट्या ‘गेर्मानुस’ला भाऊ मानणं ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातल्या रोमन कवी व्हर्जिलकडेही आढळतं. तेव्हा मठांनी हा शब्द घडवला नाही; रुळलेल्या शब्दाची वाट फार तर मोकळी केली. बहिणीचंही तसंच: घरात ‘एर्माना’ आली आणि ‘सोरोर’पासूनचा ‘सोर’ स्पॅनिशमध्ये ननच्या नावाआधी उरला.