टीडीसीएस: आवाज, अंदाज आणि मेंदूला सौम्य विद्युतप्रवाह

घरातल्या व्यक्तीला स्किझोफ्रेनियामुळे आवाज ऐकू येतात आणि रुग्णालयाने ‘टीडीसीएस’च्या अभ्यासात भाग घ्याल का, असे विचारले, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, “म्हणजे शॉक का?” नाही. शॉक उपचारात (ईसीटी) भूल देऊन सुमारे ८०० मिलिअँपिअरचा प्रवाह देतात. इथे तो १ ते २ मिलिअँपिअर असतो. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर पट्ट्याने बसवून साधारण २० मिनिटे प्रवाह सोडतात. रुग्ण पूर्ण जागा असतो. बराचसा प्रवाह त्वचेतूनच निघून जातो. उरलेल्यामुळे मेंदूतील पेशींची प्रतिसाद देण्याची तयारी किंचित बदलते, इतकेच.

मेंदू पुढे काय ऐकू येणार याचा सतत अंदाज बांधत असतो. आपण बोलतो तेव्हा स्वतःचा आवाज येणार हे त्याला आधीच ठाऊक असते, म्हणून त्या आवाजाची तो फारशी दखल घेत नाही. हा अंदाज चुकल्यामुळे मनातलेच बोलणे परक्याचे वाटत असावे, असे अनेक संशोधक मानतात. तपासणीत एकसारखे ‘टिक्’ आवाज ऐकवून मध्येच एक वेगळा आवाज देतात. अंदाज मोडला की ईईजीवर एक ठरावीक लहर उमटते, अगदी लक्ष नसतानाही. स्किझोफ्रेनियात ही लहर सरासरीने लहान असते. नुसत्या ईईजीने कारण कळत नाही. प्रवाह दिल्यावर लहर बदलते का, हे पाहिले तर त्या भागाचा खरा वाटा समजतो.

म्हणजे अभ्यास हा उपचार असेलच असे नाही. २०१२ साली फ्रान्समधील ३० रुग्णांच्या अभ्यासात ५ दिवसांत १० सत्रांनंतर आवाज कमी झाले होते, पण नंतरच्या अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत. बंगळूरच्या निम्हान्समध्येही यावर काम झाले आहे. चालू गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका.

काहींना ‘नकली’ सत्र मिळते: सुरुवातीला थोडा वेळ मुंग्या येतात, मग प्रवाह बंद. आपल्याला कोणते मिळाले हे रुग्णाला सांगत नाहीत. ही फसवणूक नव्हे. संमतीपत्रात ते लिहिलेले असते, नीट वाचा.

खाज, त्वचा लाल होणे, डोके दुखणे हे त्रास सहसा लवकर थांबतात. स्पंज कोरडा पडल्यास क्वचित भाजते, म्हणून जळजळ झाली तर लगेच सांगा. फिट्स, पेसमेकर, डोक्यात धातू किंवा कॉक्लिअर इम्प्लांट, गरोदरपण, टाळूवर जखम यांपैकी काही असेल तर आधीच कळवा. ऑनलाइन मिळणारी यंत्रे घरी वापरू नयेत.