दुर्बिणीची बैठक

दुर्बिणीची बैठक किंवा माउंट म्हणजे खगोलीय दुर्बिणीच्या नळीला आधार देणारी आणि ती आकाशात हव्या त्या दिशेला वळवून तेथे स्थिर ठेवणारी यांत्रिक रचना होय. दुर्बिणीची प्रकाश गोळा करण्याची क्षमता आरशावर किंवा भिंगावर अवलंबून असते. त्या क्षमतेचा प्रत्यक्ष उपयोग होतो की नाही, हे मात्र बैठक ठरवते. नवशिक्या निरीक्षकांच्या दुर्बिणींमध्ये बैठक हा बहुधा सर्वांत दुबळा भाग असतो. योग्य उभारणी, तोल आणि घर्षणाचे नियमन यांमुळे साध्या बैठकीचीही हालचाल बरीच सुधारते.

गरज

पृथ्वीच्या परिवलनामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर ४ मिनिटांत सुमारे १ अंश सरकतो. १०० पट विशालनावर सामान्य नेत्रिकेतून आकाशाचा जेमतेम अर्धा अंश दिसतो, म्हणजे स्थिर दुर्बिणीतून तारा सुमारे २ मिनिटांत दृष्टिक्षेत्र ओलांडून जातो. तो दिसत राहावा यासाठी नळी वारंवार किंचित हलवावी लागते. बैठकीचा प्रत्येक हिसका आणि कंपही तेवढ्याच पटीने मोठा दिसतो. त्यामुळे बैठकीकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात: हलक्या स्पर्शाने ती वळली पाहिजे आणि हात काढताच जागच्या जागी थांबली पाहिजे.

प्रकार

दिगंश-उन्नतांश बैठक आडव्या व उभ्या अशा दोन दिशांना फिरते. या प्रकारातील सर्वांत सोपी रचना डॉब्सन बैठक होय. बीजिंग येथे जन्मलेले अमेरिकी खगोलप्रसारक जॉन डॉब्सन (१९१५–२०१४) यांच्यामुळे ती प्रसिद्ध झाली. ते १९४४ ते १९६७ या काळात सॅन फ्रान्सिस्को येथील वेदान्त सोसायटीच्या मठात होते. प्लायवूडची पेटी, टेफ्लॉनचे तुकडे आणि मधोमध एक बोल्ट एवढ्यावर ही बैठक तयार होत असल्याने हौशी दुर्बीणकारांनी ती जगभर स्वीकारली.

विषुववृत्तीय बैठकीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवतात. त्यामुळे तारा दृष्टिक्षेत्रात ठेवण्यासाठी केवळ त्या एका अक्षाभोवती नळी फिरवणे पुरते. मात्र ही बैठक अधिक जड असून तिच्या उभारणीत अधिक काळजी घ्यावी लागते.

उभारणी

बैठकीखालची जमीन घट्ट हवी. कोकणातील घरापुढचे सारवलेले खळे सपाट असले तरी मऊ असते आणि तिपाईचे पाय त्यात हळूहळू रुततात. प्रत्येक पायाखाली जांभ्याचा चिरा किंवा फरशीचा तुकडा ठेवल्यास हा दोष टळतो. गच्चीवर निरीक्षण करताना माणसांच्या चालण्याचे हादरे दुर्बिणीपर्यंत पोहोचतात. तिपाईचे पाय पूर्ण लांब न केल्यास आणि मधल्या तबकाखाली वजन टांगल्यास कंप कमी होतो. नळीला हलकी टिचकी मारून ताऱ्याचे थरथरणे किती वेळात शमते, हे पाहून स्थैर्य तपासता येते.

पाणसळीने बैठक समतल केल्यावर नळीचा तोल साधतात. हा तोल नेहमीची नेत्रिका आणि शोधक दुर्बीण बसवूनच पाहावा. जड नेत्रिका लावताच नळीचे वरचे टोक खाली झुकत असेल तर नळी कड्यांमध्ये मागे सरकवतात किंवा खालच्या टोकाला थोडे वजन लावतात. विषुववृत्तीय बैठकीत प्रथम प्रतिभार सरकवून ध्रुवीय अक्षाभोवतीचा आणि नंतर नळी सरकवून दुसऱ्या अक्षाभोवतीचा तोल साधतात. तोल न साधता केवळ स्क्रू आवळून नळी थोपवल्यास हालचाल जड होते.

हालचाल सुरळीत करणे

बैठक अडखळण्याचे मुख्य कारण स्थितिक आणि गतिक घर्षणातील फरक हे असते. हलण्यास सुरुवात करण्यासाठी अधिक आणि हलत राहण्यासाठी कमी बळ लागत असेल, तर नळी आधी चिकटून राहते आणि मग एकदम उडी घेते. टेफ्लॉन आणि खरबरीत सनमायका यांच्यामध्ये हा फरक अल्प असल्याने डॉब्सन बैठकीत ही जोडी वापरतात. गुळगुळीत, चकचकीत पृष्ठभाग तुलनेने अधिक चिकटतो.

डॉब्सन बैठकीच्या तळाशी टेफ्लॉनचे तीन तुकडे असतात. ते खालच्या तीन पायांच्या बरोबर वर बसवल्यास फळी लवत नाही. आडवी हालचाल जड असल्यास तुकडे मधल्या बोल्टाकडे सरकवतात किंवा बोल्टाभोवती पातळ प्लास्टिकच्या चकत्या घालून काही भार त्यांवर घेतात. हालचाल फार सैल असल्यास तुकडे बाहेर सरकवतात. मधला बोल्ट केवळ फिरण्याचा केंद्रबिंदू असतो; तो घट्ट आवळू नये. टेफ्लॉनला तेल किंवा ग्रीस लावल्यास त्यावर धूळ बसते, म्हणून तो कोरड्या कापडाने पुसतात.

विषुववृत्तीय बैठकीत मळसूत्री दंतचक्र असते. स्वस्त बैठकींमध्ये दाट, चिकट ग्रीस भरलेले आढळते. ते काढून, भाग स्वच्छ करून हलके लिथियम ग्रीस पातळ थरात लावल्यास चाल सुधारते. मळसूत्र चक्राला फार घट्ट भिडवल्यास चाल अडते, तर सैल ठेवल्यास दिशा बदलताना दांडी फिरूनही नळी काही क्षण हलत नाही. चक्र पूर्ण फेरी सारख्याच बळाने फिरेल, अशा बेताने ही जुळणी करतात.

अक्षांशाचा परिणाम

विषुववृत्तीय बैठकीचा ध्रुवीय अक्ष क्षितिजाशी स्थानिक अक्षांशाएवढा कोन करतो. नागपूर येथे हा कोन सुमारे २१ अंश, पुण्यात साडेअठरा अंश, तर सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कुडाळ तालुक्यातील वालावल येथे सुमारे १६ अंश असतो. बऱ्याच बैठकी युरोप-अमेरिकेतील मोठ्या अक्षांशांचा विचार करून घडवलेल्या असल्याने इतका लहान कोन करताना प्रतिभाराचा दांडा तिपाईच्या उत्तरेकडील पायाला अडू शकतो. म्हणून निरीक्षणापूर्वी दिवसाउजेडी बैठक हाताने पूर्ण फिरवून पाहतात. अडथळा आल्यास अधिक जड प्रतिभार दांड्यावर वरच्या बाजूला बसवतात.

वालावलसारख्या माडा-पोफळींच्या गावात १६ अंश उंचीवरचा ध्रुवतारा अनेकदा झाडांआड जातो. तेव्हा होकायंत्राने उत्तर दिशा आणि बैठकीवरील अंशपट्टीने उंची ठरवतात. केवळ डोळ्यांनी निरीक्षण करण्यास ही अचूकता पुरते. होकायंत्र बैठकीच्या लोखंडी भागांपासून दूर धरावे लागते.

डॉब्सन बैठकीला ध्रुवाशी जुळवण्याची गरज नसते; तिची अडचण खस्वस्तिकाजवळ येते. तेथे वस्तूचा पाठलाग करण्यासाठी आडव्या दिशेत मोठे वळण घ्यावे लागते आणि नळीला पुरेशी तरफ मिळत नाही. वालावलहून पाहता रोहिणी तारा मध्यमंडळावर येताना जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून अशा बैठकीवरून तो त्याआधी किंवा त्यानंतर तासाभराने पाहणे सोयीचे ठरते.

किनारपट्टीतील निगा

खाऱ्या हवेत साधे लोखंडी स्क्रू लवकर गंजतात. त्याऐवजी स्टेनलेस स्टीलचे वापरतात. पावसाळ्यातील दमटपणाने प्लायवूड फुगून पेटीची बाजू नळीला घासू लागते. हे टाळण्यासाठी फळीच्या कडा आणि बोल्टाची भोकेही रंगाने किंवा वॉर्निशने बंद करतात. हिवाळ्यात दव पडल्यास बैठक पुसून, वाळवून मगच झाकतात.

ऐतिहासिक उदाहरण

२२ जानेवारी १८९८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांच्या पथकाने सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग येथे निरीक्षणे केली. किल्ल्यातील चौथरे ‘साहेबांचे ओटे’ म्हणून ओळखले जातात. लॉकयर यांनी १८६८ च्या ग्रहणात येथूनच हेलियमचा शोध लावला, असे अनेकदा सांगितले जाते. परंतु त्या वर्षी ते इंग्लंडमध्ये होते. खग्रास स्थिती काही क्षणच टिकत असल्याने अशा मोहिमांमध्ये उपकरणांचा पाया आधीच पक्का करून त्यांची जुळणी तपासून ठेवावी लागे.

हेही पहा

दुर्बीण
परावर्ती दुर्बीण
विषुवांश
ज्योतिर्विद्या परिसंस्था
विजयदुर्ग